वरच्या दुधाची कहाणी

बाळाचे उष्टावण झाले, चांदीच्या वाटीतली खीर चाटवून झाली, की घरात एक प्रश्न हटकून निघतो : आता वरचे दूध कोणते द्यायचे? आपल्या चिंचवड-आकुर्डीच्या भागात तर हा प्रश्न घरोघरी आहे. सुना चाकणला कारखान्यात जातात, पहाटेची पाळी असते, बाळ आजीजवळ राहते. दुकानात गेले तर फळीवर डब्यांची रांग, आणि त्यांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे. यांतला कोणता घ्यावा? प्रश्न आजचा वाटला तरी त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो कळला म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. वाचून, विचारून जे समजले ते भगिनींपुढे साध्या शब्दांत ठेवते.

आईला दूध न येणे ही काही आजची अडचण नव्हे. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती बरी नव्हती. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजले, आणि त्या राजांच्या दूधआई झाल्या. 1659 साली सईबाई वारल्या. राजघराण्यातही या प्रश्नाचे उत्तर शेवटी दुसऱ्या आईच्या पदराखालीच मिळाले. गोरगरिबांकडे जाऊ किंवा शेजारीण बाळाला घेई. तेही नसेल तर गाईचे दूध वावडिंग घालून उकळायचे आणि बोंडल्याने पाजायचे. बोंडले म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी. ती राखेने घासता येई, उन्हात वाळवता येई. रबरी निपलच्या बाटलीला ही सोय नाही, हे पुढे फार महाग पडले.

डब्याचा जन्म परदेशातला. 1865 च्या सुमारास जर्मनीचे शास्त्रज्ञ लीबिग यांनी बाळाचे अन्न तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. 1867 साली स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचे पीठ आणि साखर मिळून एक भुकटी बाजारात आणली. ज्या बाळांना आईचे दूध मिळूच शकत नव्हते त्यांना तिचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे बरीच वर्षे हे डबे परदेशी कंपन्यांचेच असत. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. 1954 साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. त्याच युनिसेफने गुजरातेत आणंदच्या सहकारी दुग्धालयालाही यंत्रे दिली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत. आणंदच्या हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली. पुढे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेच्या कृतीने म्हशीच्या दुधापासून बाळाचे अन्नही निघाले. पेनिसिलिन आपले, बाळाचा डबाही आपला, असा तो काळ होता. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेले रिकामे डबे आमच्या आईच्या स्वयंपाकघरात डाळ-साखरेला होते. ते चित्र रोज पाहून कोणालाही वाटावे, डबा म्हणजेच बाळसे!

पण नाण्याची दुसरी बाजूही होती. डॉक्टर सिसिली विल्यम्स या बाईंनी 1939 साली सिंगापुरात भाषण करून, गरीब घरांत बाटलीच्या दुधाने मुले दगावतात हे उघड सांगितले. 1974 साली इंग्लंडमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने तेच पुस्तिकेत मांडले. कारण आपल्याला ओळखीचे आहे. आमच्या शेजारच्या खोलीत एक जोडपे राहत होते, दोघेही कंत्राटी कामावर. पगारापर्यंत डबा पुरावा म्हणून ती बाई एका मापाला दुप्पट पाणी घाली. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसे, पण अंग भरेना. त्यातच बाटली नीट उकळली जात नव्हती, आणि जुलाब लागले. चार दिवस सलाइन लागले तेव्हा बाळ वाचले. त्या माऊलीचे प्रेम कमी नव्हते, पैसे कमी होते.

यावर जगाने नियम केले. मे 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने डब्यांच्या जाहिरातीविषयी संहिता मंजूर केली, 118 देशांनी बाजूने मत दिले. आपल्या देशाने 1992 साली कायदाच केला आणि 1 ऑगस्ट 1993 पासून तो अमलात आला. डब्यावरचे बाळाचे चित्र गेले, फुकट नमुने बंद झाले, आणि आईचे दूध सर्वोत्तम हे डब्यावर छापणे भाग पडले. 2003 च्या दुरुस्तीने हा नियम दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दुधाला लागू झाला.

आता आकड्यांकडे वळू. एक आकडा पहिल्या सहा महिन्यांचा, दोन त्यापुढचा, तीन आणि चार वर्षापुढचे. हे मोठ्या बाळाचे खास दूध आवश्यक नाही, असे जागतिक आरोग्य सभेने 1986 सालीच ठरावात म्हटले. 2023 च्या मार्गदर्शनातही तेच आहे : सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईचे दूध मिळत नसेल तर डब्याचे किंवा जनावराचे दूध चालते, आणि वर्षानंतर साधे दूध पुरते, खास डबा लागत नाही. मात्र सहा महिन्यांच्या आत गाई-म्हशीचे साधे दूध देऊ नये.

म्हणून निवडीची रीत अशी. सहा महिन्यांनंतरही अंगावरचे दूध तोडू नये, दोन वर्षे व पुढेही चालू द्यावे. जोडीला मुगाची खिमट, मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, चालत असेल तर अंडे द्यावे. नुसत्या दुधावर वाढलेल्या मुलाला लोह कमी पडते. वर्षाच्या आत डबा लागलाच तर बालरोगतज्ज्ञांना विचारून वयाप्रमाणे घ्यावा, तारीख आणि घटकांची यादी वाचावी, साखर घातलेला टाळावा. पाणी उकळलेले, माप डब्यातलेच, आणि पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले. उरलेले दूध पुढच्या वेळेला ठेवू नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती मुख्य आहे. आईला वेळच नसेल तर तिने पाजावे कधी? बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशात प्रथम झाला तो आपल्या मुंबई इलाख्यात, 1929 साली. डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. 1961 च्या कायद्याने कामाच्या वेळात पाजायला सुट्टी दिली, 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली. कागदावर पुष्कळ आहे. परंतु कंत्राटी कामावरच्या किती जणींना ते मिळते, हे प्रत्येकीने आपल्याच गल्लीत विचारून पाहावे.

दुसऱ्या आईच्या दुधाची परंपराही संपलेली नाही. 27 नोव्हेंबर 1989 रोजी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, म्हणजे अनेक धाराऊ एका छताखाली आणल्या. आपल्या मंडळाला एवढे मोठे काम जमणार नाही. परंतु मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. पाळीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी तिथे पाळणाघर निघावे, दोन आज्यांनी आळीपाळीने बसावे, आणि चुलीवर खिमटीचे पातेले असावे. येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. भगिनींनी पाठिंबा द्यावा, ही विनंती.