दुसऱ्या धंद्यातून आलेला हात : विद्युत गिटारच्या घरगुती कारखान्यांचा इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा वादकांचाच इतिहास लिहितो. अमुक तंबोरा कोणत्या गायकाच्या मागे वाजला, हे आपण आवडीने सांगतो; तो कोणाच्या पडवीत घडला आणि घडविणाऱ्याने ते काम कोठून शिकून घेतले, याची चौकशी सहसा करीत नाही. जुन्या वाद्यांच्या बाबतीत ती करणे अवघडही असते. सतारीच्या जन्माविषयी अभ्यासकांचे एकमत नाही आणि तंबोऱ्याच्या आद्य कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवलेले नाही. विद्युत गिटार मात्र विसाव्या शतकातील वाद्य. तिच्या जन्माची सनावळी, एकस्वाचे अर्ज, पहिले नमुने हे सारे उपलब्ध आहे. वाद्य घडते कसे, हे पाहावयाचे असेल तर ही तरुण साक्षीदार फार उपयोगी पडते. वाचकांपैकी काहींना हा विषय परका वाटेल. तथापि त्याची वाट शेवटी आपल्याच मिरजेकडे येते, असे आम्हांस दिसते.

मिरजेपासूनच आरंभ करू. तेथील तंतुवाद्यांच्या व्यवसायाचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले. तलवारी, भाले यांना धार लावणे व त्यांची दुरुस्ती करणे हा घराण्याचा धंदा. इंग्रजी अंमलात शस्त्रांचे काम आटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा हात सतार-तंबोऱ्याच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती आणि वाद्ये दूरवरून मागवावी लागत होती. म्हणजे ज्या गावाचे नाव आज तंबोऱ्याशी जोडलेले आहे, त्या गावी हे काम पिढीजात वाद्यकाराने आणले नाही, शस्त्रकाराने आणले. ही एक स्थानिक योगायोगाची गोष्ट मानावी, की वाद्यनिर्मितीचा हा एक नियमच आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विद्युत गिटारचा इतिहास उपयोगी पडतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील वाद्यवृंदांत गिटारवादकाची मोठी अडचण होत असे. कर्णे आणि ढोल यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. लॉस एंजेलिसमधील जॉर्ज बोशाम हा हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार वाजवीत असे. धातूच्या पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले, तर तारेच्या कंपनाने चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात तसाच कंपणारा वीजप्रवाह निर्माण होतो. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्येच सिद्ध केले होते. ते गिटारीस लावण्याचे प्रयोग बोशामने घरी केले. पुढे 'पिकअप' या नावाने रूढ झालेला हा भाग म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते त्याने एका घरगुती यंत्राच्या मोटारीवर गुंडाळले. हॅरी वॉटसन या सहकाऱ्याने १९३१ मध्ये लाकडाचा नमुना कोरून दिला. गोल धड आणि लांब दांडी यांमुळे त्या वाद्यास 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळण्याचा तवा, हेच नाव पडले.

त्याचे उत्पादन १९३२ मध्ये सुरू झाले ते अॅडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साह्याने. हा मूळचा स्वित्झर्लंडचा. धंदा साचे व हत्यारे बनविण्याचा. ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, या वाद्यात पोकळ लाकडी पेटीची, म्हणजे लाकूड गाते करणाऱ्या पारंपरिक कारागिराच्या मुख्य विद्येची, गरजच उरली नव्हती. एकस्वासाठी १९३४ मध्ये नव्याने केलेला अर्ज १९३७ मध्ये मंजूर झाला. तोवर इतर कारखानदार त्याच वाटेने चालू लागले होते.

वाद्याचे रूप बदलले तरी श्रोत्यांचे डोळे बदलत नाहीत. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून, चार इंच रुंद व चार इंच जाड अशा पाइनच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. त्यास तो 'लॉग', म्हणजे ओंडका, असेच म्हणे. आवाज त्याला हवा तसा लांबत होता. पण लोकांना तो ओंडका गिटार वाटेना. तेव्हा त्याने एका जुन्या गिटारीचे दोन्ही कुशींचे भाग कापून ओंडक्यास जोडले. त्यांचा ध्वनीशी संबंध नव्हता, पण श्रोते संतुष्ट झाले. गिब्सन कंपनीने आरंभी ही कल्पना हसण्यावारी नेली आणि १९५२ मध्ये त्याच्याच नावाची भरीव गिटार बाजारात आणली. मधल्या काळात दुसऱ्याच एका कारखान्याने भरीव गिटार विकून दाखविली होती, हे त्या हृदयपरिवर्तनाचे कारण.

तो कारखाना लिओ फेंडर याचा. फेंडर हिशेबनीसाचे शिक्षण घेतलेला. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यास गिटार वाजविता येत नव्हती. परंतु दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो लक्षपूर्वक ऐके. १९५० मध्ये त्याने काढलेल्या आणि १९५१ पासून 'टेलिकास्टर' या नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारीत दांडी धडास सरसाने जोडलेली नाही. चार स्क्रूंनी आवळलेली आहे. जातिवंत वाद्यकाराला ही जोडणी अडाणी वाटावी. दुरुस्ती करणाऱ्यास मात्र ती स्वाभाविक आहे: बिघडेल तो भाग काढावा व नवा बसवावा. रेडिओ उघडून बसणाऱ्या माणसाची ही दृष्टी वाद्यात उतरली आणि वाद्याची रचनाच बदलली.

फेंडरच्या थोडे आधी, १९४८ मध्ये, पॉल बिग्जबी याने मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकाला त्याने कागदावर काढून दिलेल्या आकृतीप्रमाणे गिटार करून दिली होती. सहाही खुंट्या एकाच बाजूस असलेली ही गिटार. बिग्जबी मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरणारा आणि त्यांच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने घडविणारा कारागीर. डाउनी येथील आपल्या लहानशा कारखान्यात तो मागणीनुसार एकेक गिटार घडवी. गिऱ्हाइकांना वाट पाहावी लागे. एका वादकाच्या हाताचे माप घेऊन एकाच वादकासाठी वाद्य करणे, हा प्रकार आपल्याकडील गवयांना नवा नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेस राहिले, तेव्हा तेथील कारागिरांच्या कामाला त्यांच्या कानाची कसोटी रोज लागत होती.

येथवर आलेली माणसे वाद्याला धंदा करणारी होती. घरगुती कारखान्याचे शुद्ध उदाहरण पाहावयाचे तर इंग्लंडात जावे लागते. लंडनलगतच्या फेल्टम येथे राहणाऱ्या ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलास १९६३ मध्ये फेंडरची गिटार हवी होती आणि घरी तेवढे पैसे नव्हते. वडील हॅरल्ड मे हे विमानखात्यात आरेखक व इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. ऑगस्टमध्ये बापलेकांनी काम आरंभिले आणि सुमारे दोन वर्षांनी गिटार वाजू लागली.

तिच्या सामानाची यादी वाचण्यासारखी आहे. दांडीसाठी एका परिचिताने टाकावयास काढलेली, शेकोटीवरील जुनी महोगनीची फळी. तिला कीड लागून भोके पडली होती; ती आगकाड्या घालून बुजविली. धड ब्लॉकबोर्डचे, त्यात जुन्या टेबलाचे ओक. वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. पट्टीवरील खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांच्या. स्वर हलविण्यासाठी तारांचा ताण कमी-अधिक करणारी यंत्रणा कडक पोलादी सुरीच्या धारेवर टेकलेली. तिला तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलीच्या. ती यंत्रणा दाबावयाची कांडी सायकलच्या पिशवीच्या आधारापासून केलेली, आणि तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. पिकअपही आधी घरीच केले होते. पण तार बाजूस ओढून मींड घेताना त्यांतून विचित्र आवाज येई, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले.

यास कोणी भंगारातून जमविलेली गंमत म्हणेल. आमच्या मते या वाद्याचे खरे मोल त्यामागील मोजमापात आहे. सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे वादक ते सरकवितो. कारागिराची बारीकशी चूक वादकाच्या कानाने सुधारता येते. गिटारीचे पडदे खाचेत कायमचे ठोकलेले असतात. तेथे चूक झाली तर ती जन्मभर वाजत राहते. व्हिन्चेन्झो गॅलिली याने, म्हणजे प्रख्यात गॅलिलिओच्या वडिलांनी, १५८१ मध्ये प्रत्येक पडद्यास उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडण्याचा नियम सांगितला. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे तर भाजक १७.८१७ हवा. फरक क्षुल्लक भासतो. परंतु मे यांच्या गिटारीसारख्या २४ इंच लांबीच्या तारेवर बाराव्या पडद्यापाशी तो दोन मिलिमीटरहून अधिक भरतो आणि वरचा षड्ज कानास खटकतो. विमानखात्यात आरेखनाच्या फळीवर काम करणाऱ्या हॅरल्ड मे यांस अशा हिशेबांचे भय नव्हते. आरेखकाचा हात येथे वाद्यकाराचा हात झाला.

या गिटारीची पुढील कीर्ती सर्वज्ञात आहे. ब्रायन मे ज्या 'क्वीन' या वाद्यवृंदाचे वादक झाले, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा, हा झांझिबारात जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकला होता आणि तेथेच त्याने शाळकरी मित्रांसह आपला पहिला वाद्यवृंद उभारला होता. ३ जून २००२ रोजी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून मे यांनी राष्ट्रगीत वाजविले ते याच घरगुती गिटारीवर. पण या कथेत एक बोचणारी जागा आहे. मुलाने खगोलशास्त्राचे संशोधन अर्धवट सोडून संगीताचा मार्ग धरला, तेव्हा ज्या बापाने दोन वर्षे त्याच्याबरोबर लाकूड तासले होते, तोच नाराज झाला. वाद्य करावयास शिकविणे आणि वाद्यावर पोट भरू देणे या बापाच्या लेखी भिन्न गोष्टी होत्या. पुढे न्यूयॉर्कमधील मैफल प्रत्यक्ष पाहिल्यावर तो दुरावा मिटला. मे यांनी आपला प्रबंधही २००७ मध्ये पुरा केला. तो पाहावयास वडील मात्र नव्हते.

बापाची ती नाराजी आपल्या परिचयाची आहे. मिरजेच्या गल्लीत भोपळा वाळवून, कापून, त्यावर तबली चढविणाऱ्या कारागिराच्या घरीही मुलाने कोणते काम करावे, याविषयी याच शंका असतात. फक्त त्या उलट्या दिशेने जातात. तेथे मुलाने हा धंदा सोडला तर घराणे थांबते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यायोगे नावाचे रक्षण होईल. परंतु नावाचे रक्षण झाल्याने नवा हात तयार होतो, असे नाही.

पिढीजात विद्येचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. भोपळा कोणता निवडावा, जवारी किती काढावी, हे दोन वर्षांच्या हौसेने येत नाही. फरीदसाहेबांनंतरच्या पिढ्यांनी ते साधले म्हणूनच मिरज ही मिरज झाली. किंबहुना फेंडरच्या दुकानापासून पुढे जे घडले तेही हेच सांगते. १९६५ मध्ये तो कारखाना सीबीएस कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरना घेतला आणि लवकरच वादक त्याआधीच्या गिटारी शोधू लागले. नकाशे व यंत्रे विकत घेता आली. तक्रार ऐकून घेणारा कान त्यांच्याबरोबर आला नाही. घराणे जे जपते ते हेच.

तथापि घराण्याचा आरंभ कधीतरी घराण्याबाहेरच्या माणसाने केलेला असतो, हे विसरता कामा नये. साचेकार, रेडिओ दुरुस्त करणारा, मोटारसायकलवाला, विमानखात्यातील आरेखक: यांपैकी एकालाही कोणी वाद्यकार म्हणून बोलाविले नव्हते. लहान कारखान्यात, घराच्या मागील खोलीत, अधिकार विचारणारे कोणी नसते, म्हणूनच त्यांना हात घालता आला. आमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. मिरजेची गोष्ट योगायोगाची नाही.

आज एखादा सुतार, वेल्डर किंवा संगणकाचा विद्यार्थी वाद्याच्या दुकानात येऊन 'मला हे करून पाहावयाचे आहे' म्हणाला, तर त्याला आपण बसावयास पाट देतो की नाही, यावर या कलेचे पुढील शतक अवलंबून आहे. ज्या शिकलगाराने तलवार खाली ठेवून तंबोरा हाती घेतला, त्याला त्या दिवशी कोणीतरी बसू दिले होते.