आशियाई क्रीडासामने, १९५१ : पुरुषांची १०० मी. शर्यत

नवी दिल्ली येथे ४ ते ११ मार्च १९५१ या काळात भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांतील सर्वांत कमी अंतराची धावण्याची शर्यत. ती मुंबईच्या लेव्ही पिंटो (१९२९–२०२०) ह्या धावपटूने १०.८ सेकंदांत जिंकली. त्याच सामन्यांत २०० मी. शर्यतही त्याने २२.० सेकंदांत जिंकली. आशियाई सामन्यांतील १०० मी. शर्यतीचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला धावपटू होय. त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळात एकाही भारतीय पुरुषाला हे पदक पुन्हा मिळविता आलेले नाही. स्त्रियांच्या शर्यतीतही भारताची मजल रौप्यपदकापलीकडे गेली नाही. यामुळे या शर्यतीला भारतीय मैदानी खेळांच्या इतिहासात एकाकी स्थान आहे.

पार्श्वभूमी : आशियातील राष्ट्रांनी एकत्र येऊन खेळावे ही कल्पना १९५१ पूर्वीची आहे. पूर्व आशियात १९१३ पासून १९३४ पर्यंत ‘सुदूर पूर्व’ क्रीडासामने भरत असत व त्यांत प्रामुख्याने फिलिपीन्स, चीन व जपान ही राष्ट्रे भाग घेत. पश्चिमेकडील राष्ट्रांसाठी १९३४ मध्ये दिल्ली व पतियाळा येथे पश्चिम आशियाई सामने भरविण्यात आले. त्यांत भारत, अफगाणिस्तान, श्रीलंका (तत्कालीन सिलोन) व पॅलेस्टाइन एवढेच संघ होते आणि त्यांची पुनरावृत्ती झाली नाही. या दोन्ही प्रयत्नांचे धागे जोडण्याचे श्रेय लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातील प्राध्यापक गुरुदत्त सोंधी यांना द्यावे लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी आशियाई संघांच्या प्रतिनिधींशी बोलणी केली आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडासामने महासंघाची स्थापना झाली. पहिले सामने १९५० मध्ये घेण्याचे ठरले होते, परंतु तयारी अपुरी पडल्याने ते वर्षभर पुढे ढकलावे लागले. अँथनी डी मेलो यांच्या हाती संयोजनाची सूत्रे आल्यावर कामाला गती आली.

सामन्यांसाठी निवडलेले स्टेडियम हे १९३३ मध्ये बांधलेले आयर्विन अँफिथिएटर होय. भावनगरच्या महाराजांनी ते देणगीदाखल दिले होते आणि १९५१ मध्ये त्याला ‘नॅशनल स्टेडियम’ असे नाव मिळाले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सामन्यांचे उद्‌घाटन केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लांब उडीत भाग घेतलेले दलीपसिंग यांनी ज्योत प्रज्वलित केली. अफगाणिस्तान, इंडोनेशिया, इराण, जपान, थायलंड, नेपाळ, फिलिपीन्स, ब्रह्मदेश, भारत, श्रीलंका व सिंगापूर अशा ११ संघांचे ४८९ क्रीडापटू सहा खेळांतील ५७ स्पर्धांसाठी एकत्र आले. यांपैकी जपानची उपस्थिती विशेष अर्थपूर्ण होती. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानला १९४८ च्या ऑलिंपिकचे निमंत्रण मिळाले नव्हते आणि सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता तह सप्टेंबर १९५१ मध्ये म्हणजे सामन्यांनंतर सहा महिन्यांनी झाला. भारताने त्याआधीच जपानी खेळाडूंना मैदानात बोलाविले. पाकिस्तान व चीन मात्र आले नाहीत आणि कोरिया त्या वेळी युद्धात होरपळत होता. पिंटोच्या यशाचे मूल्यमापन करताना ही अनुपस्थिती लक्षात घेतली पाहिजे. पाकिस्तानचा अब्दुल खालिक याने १९५४ मध्ये मानिला येथे हीच शर्यत १०.६ सेकंदांत जिंकली आणि १९५८ मध्ये टोकिओ येथेही ती जिंकली. तो तीन वर्षे आधी दिल्लीत उतरला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. पण जे धावलेच नाहीत, त्यांच्याशी तुलना करून विजेत्याला उणेपणा देणे हेही न्याय्य नाही.

शर्यतीचे तंत्र : १०० मी. शर्यतीचा निकाल साधारणपणे तीन गोष्टींवर ठरतो : पिस्तुलाच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद, पहिल्या तीस–चाळीस मीटरांत गाठलेला वेग आणि शेवटच्या टप्प्यात तो टिकविण्याची क्षमता. बहुतेक धावपटूंचा वेग ५० ते ७० मीटरांच्या दरम्यान कमाल होतो, नंतर तो उतरतो. शेवटी जो पुढे निघाल्यासारखा दिसतो, तो बहुधा इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. ही गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही.

बसून, हात जमिनीला टेकवून सुरुवात करण्याची पद्धत १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये टॉमस बर्क या अमेरिकन धावपटूने वापरली व १०० मी. शर्यत १२.० सेकंदांत जिंकली. पुढे अनेक वर्षे पाय रोवण्यासाठी धावपटू आपल्याजवळच्या लहान खुरप्याने धावपट्टीत खळगे खणीत. आंतरराष्ट्रीय संघटनेने सुरुवातीच्या ठोकळ्यांना १९३७ मध्ये मान्यता दिली आणि ऑलिंपिकमध्ये ते १९४८ साली प्रथम वापरले गेले. पिंटोची पिढी या दोन पद्धतींच्या सांध्यावरची होती. त्या काळच्या धावपट्ट्या कोळशाच्या राखेच्या असत आणि पावसाने किंवा आधीच्या शर्यतींनी त्या उखडल्या जात. आतल्या मार्गिकेतील धावपटूला याचा अधिक त्रास होई. कृत्रिम पृष्ठभागाची धावपट्टी ऑलिंपिकमध्ये १९६८ साली मेक्सिको येथे आली. म्हणून १९५१ मधील १०.८ सेकंद ही वेळ आजच्या धावपट्टीवरील वेळेशी सरळ ताडून पाहणे चुकीचे ठरते.

वेळेचे मोजमाप हाही स्वतंत्र विचाराचा विषय आहे. तेव्हा वेळ हाताने चालविलेल्या घड्याळावर, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदविली जाई. पहिल्या क्रमांकासाठी तीन वेळाधिकारी असत. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती ग्राह्य धरली जाई आणि तिन्ही वेगळ्या निघाल्या तर मधली वेळ घेतली जाई. घड्याळ सुरू करणाऱ्याने आवाजाची वाट न पाहता पिस्तुलाचा धूर किंवा ठिणगी पाहावी असा दंडक होता, कारण ध्वनी प्रकाशाच्या मानाने फारच सावकाश येतो. तरीही माणसाच्या बोटाचा उशीर उरतोच. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ स्वयंचलित वेळेपेक्षा सु. ०.२४ सेकंदाने कमी भरते असे मानले जाते. या हिशेबाने पिंटोची धाव आजच्या पद्धतीने सु. ११.०४ सेकंदांची ठरेल. जागतिक विक्रमांसाठी स्वयंचलित वेळच ग्राह्य धरण्याचा नियम १९७७ पासून लागू झाला. शेवटच्या रेषेवर धावपटूचे धड प्रथम पोहोचले की शर्यत संपते, डोके किंवा हात नव्हे. त्यामुळे फक्त उघड्या डोळ्यांनी क्रम ठरविणे फार अवघड असते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये लिंडी रेमिजिनो याला विजयी ठरविण्यासाठी छायाचित्राचा आधार घ्यावा लागला. पहिल्या चार धावपटूंची अधिकृत वेळ एकच, १०.४ सेकंद होती.

१०.८ ची किंमत : या वेळेचा सरासरी वेग ताशी सु. ३३ किमी. होतो. जागतिक विक्रम तेव्हा १०.२ सेकंदांचा होता, म्हणजे त्या विक्रमवीराच्या शेजारी पिंटो धावला असता, तर अखेरीस तो सु. सहा मीटर मागे पडला असता. हे अंतर मोठे आहे. तथापि १९०८, १९१२, १९२० व १९२८ या चारही ऑलिंपिकमध्ये १०० मी. शर्यत नेमक्या १०.८ सेकंदांतच जिंकली गेली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९२० च्या अँटवर्प सामन्यांत अमेरिकेचा चार्ली पॅडक याच वेळेत पहिला आला. त्याच सामन्यांत भारताचा पहिला अधिकृत संघ उतरला होता. आशियापुरते बोलायचे, तर जपानच्या ताकायोशी योशिओका याने १९३५ मध्येच १०.३ सेकंदांची धाव करून तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी साधली होती. म्हणजे आशियात वेगाची परंपरा होती, ती युद्धाने खंडित झाली. दिल्लीत जपानी संघाने सर्वाधिक २४ सुवर्णपदके मिळविली. सर्वांत वेगवान धावपटूचा मान मात्र त्याच्याकडे गेला नाही.

भारताला या सामन्यांत १५ सुवर्णपदके मिळाली व पदकांच्या क्रमवारीत दुसरे स्थान लाभले. त्यांतील दहा मैदानी खेळांतील होती. ८०० मी. मध्ये रणजितसिंग, १५०० मी. मध्ये निक्कासिंग, मॅरेथॉनमध्ये छोटासिंग, गोळाफेकीत मदनलाल व थाळीफेकीत माखनसिंग हे विजेते ठरले. ही नावे वाचताना पंजाब डोळ्यांपुढे उभा राहतो. वेगाच्या दोन्ही शर्यती मात्र मुंबईने आणल्या, आणि स्त्रियांच्या विभागातही हेच घडले. रोशन मिस्त्री १०० मी. मध्ये दुसरी आली आणि मेरी डिसोझाने २०० मी. मध्ये कांस्यपदक मिळविले. या दोघी मुंबईच्याच होत्या. मेरी डिसोझा १९५२ मध्ये हेलसिंकी येथे निलीमा घोष हिच्यासह ऑलिंपिकमध्ये धावणारी पहिली भारतीय स्त्री ठरली आणि १९५४ मध्ये मानिला येथे ४×१०० मी. सांघिक शर्यतीतील सुवर्णविजेत्या चमूत होती. त्याच चमूतील स्टेफी डिसोझा पुण्याची. पिंटोही हेलसिंकीला १०० व २०० मी. मध्ये उतरला आणि पहिल्या फेरीच्या पुढे गेला.

मुंबईत हे का घडले, याचे उत्तर तिच्या मैदानांत व शाळांत शोधावे लागते. पारशी, गोमंतकीय व मंगळुरी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुलामुलींना शाळेत मोजून आखलेली मार्गिका, घड्याळ घेऊन उभा असलेला शिक्षक आणि दर वर्षी होणारी आंतरशालेय स्पर्धा या तिन्ही गोष्टी मिळत. दूर पल्ल्याचा धावपटू डोंगर, पायवाट व माळरान यांवर घडू शकतो. वेगाच्या धावपटूला मात्र सपाट धावपट्टी, खरे घड्याळ आणि आपल्याइतकाच वेगवान प्रतिस्पर्धी लागतो. महाराष्ट्राच्या व मराठी प्रदेशाच्या क्रीडेतिहासात हा भेद ठळकपणे दिसतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहूनच सर दोराबजी टाटा यांनी अँटवर्पला संघ पाठविण्याचे मनावर घेतले. त्या संघात बेळगावचा फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे तिघेही लांब पल्ल्याचे धावपटू होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. १०० मी. साठी निवड झाली ती बंगालच्या पूर्मा बॅनर्जी याची. त्याही पूर्वी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मी. व २०० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा आलेला नॉर्मन प्रिचर्ड कलकत्त्याचा होता. त्याची पदके भारताची मानावीत की ब्रिटनची, याबद्दल आजही मतभेद आहे.

हा कल पुढेही बदललेला नाही. नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० च्या आशियाई सामन्यांत १०,००० मी. मध्ये रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर व बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे हे दोघे ३,००० मी. स्टीपलचेसमध्ये नावारूपाला आले. मोसम खोऱ्यातील नामपूरसारख्या बाजारगावात शालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी चुन्याच्या फक्कीने मार्गिका आखाव्या लागतात आणि स्पर्धा संपताच त्या पुसल्या जातात. अशा मैदानावर शंभर मीटर धावणाऱ्या मुलाला आपली खरी वेळ कळतच नाही. पुण्याला बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रीडासंकुल उभे राहिले, परंतु एका संकुलाने जिल्ह्याजिल्ह्यांतील उणीव भरून निघत नाही.

उत्तरकाल : मिल्खासिंगने १९५८ मध्ये टोकिओत २०० मी. शर्यत जिंकली, पण त्याची खरी शर्यत ४०० मी. चीच होती. १०० मी. चे विजेतेपद पुढे पाकिस्तान, इंडोनेशिया, मलेशिया, जपान, थायलंड व कतार यांच्याकडे जात राहिले. जपानच्या कोजी इतो याने १९९८ मध्ये बँकॉक येथे १०.०० सेकंदांची धाव केली. भारतात अनिलकुमार प्रकाश याने २००५ मध्ये १०.३० सेकंदांची नोंद केली, तर २०२५ मध्ये गुरिंदरवीरसिंगने १०.२० व अनिमेष कुजूरने १०.१८ सेकंदांत शर्यत पूर्ण केली.

पिंटो उत्तरायुष्यात अमेरिकेत शिकागो येथे राहत होता आणि तेथेच २०२० मध्ये त्याचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. १९५१ च्या विजेत्यांना गौरविण्यासाठी तेव्हा तशी कोणतीही राष्ट्रीय व्यवस्था नव्हती. त्यामुळे रोममध्ये चौथ्या आलेल्या मिल्खासिंगची हकीकत घरोघरी सांगितली जाते, पण आशियाचा पहिला वेगवान धावपटू मुंबईचा होता, हे मुंबईतही फार थोड्यांना ठाऊक असते. दिल्लीचे ते स्टेडियम पुढे हॉकीसाठी वापरले जाऊ लागले व त्याला ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले.