हप्त्यावरचा संगणक आणि बाबांचा लॅपटॉप

आमच्या घरात २००९ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. दोन जीबी रॅम, बिजागऱ्या सैल, बॅटरीने तर केव्हाच राम म्हटलेला. बाबांनी शेवटच्या वर्षांत त्याच्यावर देवळातल्या उत्सवी नाटकांच्या आठवणी टाइप केल्या होत्या. मध्यंतरी तो सुरूच होईना. म्हापशाला दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "हे मशीन मेलं आता. नवीन घ्या." पण पडदा उजळत होता, पंखा फिरत होता. बिघडली होती ती फक्त आतली ऑपरेटिंग सिस्टिम.

तेव्हा मला हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आठवली.

जानेवारी १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने हप्त्यावर संगणक घेतला. ३८६ प्रोसेसर, चार एमबी रॅम. विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रावर चालणारे युनिक्स त्याला घरी हवे होते, पण त्याची किंमत त्याच्या खिशाला झेपणारी नव्हती. प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे मिनिक्स त्याने वापरून पाहिले. ते मुळात शिकवण्यासाठी लिहिलेले, त्याची भूक त्याने भागेना. शेवटी त्याने स्वतःच लिहायला घेतले. सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, जेमतेम दहा हजार ओळींची. तो होता फक्त कर्नल, म्हणजे गाभा. भोवतीची बरीच साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार मिळाली.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की लिनक्स वापरणाऱ्या अनोळखी लोकांनी वर्गणी काढून त्याच्या संगणकाचे उरलेले पैसे फेडले. वर्गणीवर उत्सव करणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटू नये!

१९९२ च्या सुरुवातीला त्याने लिनक्स जीपीएल या परवान्याखाली आणले. वापरा, बदला, वाटा, हवे तर विका. मात्र पुढच्यालाही हाच हक्क द्या. जुन्या यंत्रांचे भाग्य खरे इथे उघडले. कुणालाही आपल्या गरजेपुरते लिनक्स बांधता येऊ लागले. १९९३ मध्ये डेबियन सुरू झाले. २००० मध्ये नॉपिक्स आले, ते हार्ड डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चाले. २००३ मध्ये पपी आले, खास जुन्या संगणकांसाठी. आपल्या गोव्यातही त्या सुमारास 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशात वापरून झालेले संगणक शाळांसाठी आणले आणि लिनक्सची कास धरली.

मी डेबियन पेनड्राइव्हवर उतरवले आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला. आतली डिस्क शाबूत होती. आधी बाबांचे फोल्डर दुसरीकडे उतरवून घेतले. फाइल उघडली तर नुसती विचित्र चिन्हे! जुना, युनिकोडपूर्वीचा फॉण्ट. तोही त्याच डिस्कवर सापडला. तो बसवला आणि बाबांचे मराठी पडद्यावर आले. पहिलेच वाक्य पेट्रोमॅक्सच्या उजेडाबद्दल होते. मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

मग एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह डेबियन कायमचे बसवले. लिहिणे, वाचणे, मेल सुरळीत चालते. ब्राउझरमध्ये चार-पाच पाने एकदम उघडली की मात्र धाप लागते.

एक सांगायलाच हवे. लिनक्सही जुने सोडतेच. ज्या ३८६ वर ते जन्मले, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. माझा ६४ बिटी म्हणून निभावला. पण जुन्या आवृत्त्यांचा कोड उघडाच राहतो, तो कुणाला कुलपात ठेवता येत नाही. यंत्र मेले की नाही, हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवायचे नसते, एवढे त्या परवान्याने आपल्या हाती दिले आहे.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा लॅपटॉप असेल. भंगारात घालण्यापूर्वी एकदा पेनड्राइव्ह लावून पाहा. आत कुणाचे काय लिहिलेले असेल, सांगता येत नाही.