नगरच्या किल्ल्यातील तीन विधुर

अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) किल्ला म्हटला की चांदबीबी आठवते आणि नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आठवतो. याच किल्ल्यात १९४३ च्या वसंतात एक कैदी आपल्या पत्नीच्या मृत्यूच्या बातमीची वाट पाहत होता. आजचा हा धागा त्याच्याविषयी.

मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. ३ ऑगस्ट १९४२ रोजी ते कलकत्त्याहून मुंबईस निघाले, तेव्हा आजारी झुलेखा बेगम निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. नवे काही घडले नाही, तर १३ तारखेच्या सुमारास परतेन, असे मौलाना म्हणाले. पण ९ तारखेला पहाटे अटक झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांसह त्यांना नगरला आणले गेले.

मार्चअखेरीस झुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याचे कळले. सरकारला काही कळवायचे असल्यास तसे सांगावे, असे तुरुंगाच्या अधीक्षकांनी सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारने डांबले, त्याच्याकडे याचना करायची नव्हती. दिनक्रमही त्यांनी मोडला नाही. दुपारी वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावले वाजली की छातीत धडधड सुरू होई. पण तो आत आला की ते हसून टेबलाकडे बोट दाखवीत आणि लिहिणे चालू ठेवीत. हा सारा देखावा होता, हे त्यांनी स्वतःच पुढे पत्रात कबूल केले आहे. त्या पत्राचे मोठेपण मला या कबुलीत वाटते. धीरोदात्त माणसे पुष्कळ असतात, आपल्या धीराचे अस्तर उलटून दाखवणारी थोडी.

९ एप्रिल १९४३ रोजी दुपारी तार हाती आली. सुमारे ३६ वर्षांचा संसार संपला होता.

दोन दिवसांनी त्यांनी स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्र लिहिले. ही पत्रे टपालात पडणारी नव्हती. सुटकेनंतर ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. किल्ल्याच्या आवारात कुणा अज्ञाताची एक जुनी कबर होती. शेकडो वेळा तिच्यावरून नजर गेली होती. आता तिच्याविषयी एक नवाच जिव्हाळा वाटू लागला, असे ते लिहितात.

तिथे ते एकटे विधुर नव्हते. वल्लभभाईंच्या पत्नी झवेरबा जानेवारी १९०९ मध्ये मुंबईत वारल्या. ती तार त्यांना कोर्टात उलटतपासणी चालू असताना मिळाली आणि ती वाचून त्यांनी काम पुरे केले, असे सांगतात. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. कमला नेहरू २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे गेल्या. अस्थी घेऊन परतताना नेहरूंनी बगदादहून लंडनच्या प्रकाशकाला तार केली आणि आत्मचरित्र कमलाबाईंना अर्पण केले. त्या अखेरच्या दिवसांची हकीकत त्यांनी १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहून काढली.

तिघांनीही पुन्हा लग्न केले नाही. त्या काळी विधुराने लगेच बोहल्यावर चढावे, असाच रिवाज होता. विधवेला मात्र ती मुभा नव्हती. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी वडिलांच्या आग्रहास्तव त्याच वर्षी ११ वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न केले म्हणून टीका झाली, आणि ती रास्तच होती. तरी त्याच संसारातून ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे मराठीतील अत्यंत हृद्य पुस्तक निर्माण झाले. तेव्हा दुसरे प्रेम म्हणजे पहिल्याशी प्रतारणा, असे कुणी समजू नये. नगरच्या या तिघांची वाट निराळी होती, इतकेच.

जून १९४५ मध्ये सुटून मौलाना कलकत्त्यास आले. स्वागताला प्रचंड गर्दी होती, मोटार हारांनी भरली होती. हावड्याचा पूल ओलांडताना त्यांना दारातला तो निरोप आठवला. त्यांनी घराऐवजी मोटार कबरस्तानाकडे वळवायला सांगितली. मोटारीतलाच एक हार उचलून झुलेखा बेगमांच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातेहा पढला.