व्यक्ती-क्लास

एखाद्या माणसाची माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एकत्र बांधणारा, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील साचा (पहा : ऑब्जेक्ट).

उगम : क्लासची कल्पना नॉर्वेत डाल व न्यूगोर यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत रुजली, सी प्लस प्लस (१९८५) व जावा (१९९५) यांमुळे ती सर्वत्र पसरली.

वैशिष्ट्ये : नाव, जन्मतारीख, गाव, तालुका हे गुणधर्म खाजगी ठेवून ते मेथडमार्फतच वाचले वा बदलले जातात (पहा : एन्कॅप्सुलेशन). वय साठवत नाहीत, जन्मतारखेवरून काढतात. गोव्यातील नोंदींत हा साचा अधिक काळजीने आखावा लागतो. पेडणे रोमन लिपीत ‘पेर्नेम’ होते, डिचोली ‘बिचोलिम’. म्हणून तालुका मोकळ्या मजकुराऐवजी ठरावीक यादीतून घेणे बरे. नाव हीच ओळख मानता येत नाही : १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्यानुसार ते बदलू शकते. त्यामुळे न बदलणारा क्रमांक आणि जुन्या नावांची यादी वेगळी ठेवतात. जोडीदाराचे नुसते नाव न लिहिता दुसऱ्या व्यक्ती-ऑब्जेक्टचा संदर्भ देतात. नावांच्या साम्याने होणारे घोळ त्याने टळतात.

महत्त्व : गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही लागू आहे. विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक ठरते (पहा : गोवा नागरी संहिता). म्हणून मालमत्तेच्या प्रणालीत विवाहाची तारीख व कराराचा प्रकार ‘विवाह’ या स्वतंत्र क्लासमध्ये ठेवून तो दोन्ही व्यक्तींशी जोडतात.