अठरा दिवसांत वऱ्हाड गेलं: अडगाव ते गाविलगड, दोन दिवसांची भटकंती

आजचा भाग सॅक पाठीवर टाकून ऐकायचा आहे. शनिवार-रविवार मोकळा असला की आपले अमरावती-अकोल्याचे पोट्टे काय करतात? गाडी काढतात, चिखलदऱ्याला जातात, पॉइंटवर फोटो, गरम भजी, आणि संध्याकाळी घाट उतरून परत. मजा येते, त्यात वाद नाही. पण त्याच रस्त्याच्या आजूबाजूला 1803 साली अठरा दिवसांत वऱ्हाडाचा मालक बदलला. आज आपण त्या अठरा दिवसांच्या मागं मागं दोन दिवस फिरू.

पहिला मुक्काम अडगाव. अकोल्याहून एसटीने अकोट, तिथून पश्चिमेला तेल्हाऱ्याच्या बाजूनं. पाहायला किल्ला नाही, बुरूज नाही. सपाट काळी जमीन, कापूस, तूर. इंग्रजांच्या कागदांत या गावाचं नाव 'अरगाव' असं येतं. 29 नोव्हेंबर 1803 ला इथं एका बाजूला नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांची फौज होती, सोबत शिंद्यांचं घोडदळ. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. हाच माणूस पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं.

लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. भोसल्यांच्या तोफा धडाडल्या तशा कंपनीच्या शिपायांच्या काही पलटणी चक्क मागं पळाल्या. विशेष म्हणजे हेच शिपाई दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत जिवावर उदार होऊन लढले होते. वेलस्ली जवळच होता, त्यानं स्वतः त्यांना थांबवून पुन्हा रांगेत उभं केलं. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच नंतर लिहून ठेवलं. म्हणजे निकाल आधीच ठरलेला होता असं काही नाही बरं. पण रात्री चांदण्यात पाठलाग झाला आणि 38 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

अडगावहून उत्तरेकडं पाहिलं की सातपुड्याची निळी भिंत दिसते. तिच्यावर दोन मोठे किल्ले: अकोला जिल्ह्यात नरनाळा, अमरावती जिल्ह्यात गाविलगड. पहिल्या दिवसाचं उरलेलं ऊन नरनाळ्यासाठी ठेवा. पायथ्याला शहानूर गाव. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून वनविभागाची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्या. वर गेल्यावर महाकाली दरवाजा निवांत पाहा. दगडातलं इतकं नाजूक कोरीवकाम आपल्या वऱ्हाडात आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. तलाव आहेत, नऊगजी तोफ आहे. जंगल आहे, म्हणून अंधार पडायच्या आत खाली या.

दुसरा दिवस गाविलगडचा. परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा, आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर किल्ला. बहमनी सुलतान अहमदशाहनं 1425 च्या सुमारास तो बांधला असं सांगतात. पुढं एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या इमादशाहीनं तो वाढवला.

किल्ला समजायचा असेल तर आधी फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइटवाला. तीन बाजूंना सरळ कडे. उत्तरेला मात्र एक चिंचोळी पट्टी, जी किल्ल्याला पठाराशी जोडते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम भक्कम, पण एक दार नेटवर्कला उघडं. त्या दारापर्यंत तोफा आणायच्या म्हणजे मेळघाटचं जंगल पार करायचं. 'इथून तोफा येतच नाहीत,' हीच किल्ल्याची खरी तटबंदी होती.

आणि तोफा आल्या. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानं 7 ते 12 डिसेंबर अशा दिवसांत डोंगरातून स्वतः रस्ता काढत त्या वर ओढल्या. वेलस्ली दक्षिणेच्या बाजूला राहून किल्ल्याचं लक्ष तिकडं गुंतवत होता. 15 डिसेंबरला सकाळी भगदाडातून हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला, पण आतल्या कोटाचा दरवाजा हलेना. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिडी घेऊन दुसऱ्याच जागी कडा आणि भिंत चढली अन् तिनं दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

आता तहातली गंमत ऐका. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला आणि इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताला, हैदराबादच्या निजामाला देऊन टाकला. पण नरनाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले, थोड्या मुलखासकट, भोसल्यांकडंच ठेवले. कुलपं तुमची, घर दुसऱ्याचं! 1817 च्या युद्धानंतर तेही गेले.

याचा आपल्याशी काय संबंध, म्हणाल. नागपूर आणि अमरावती, दोन्ही विदर्भच, पण दोघांचा इतिहास इथून फाटला. निजामावर कंपनीच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं म्हणून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये कायमचा भाडेपट्टा झाला. मालकी कागदावर निजामाचीच राहिली, इतकी की 1936 पासून हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब होता. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. इथं पिकणारा कापूस, इथला शेतसारा, इथला माणूस, यांचा व्यवहार दोन दूरच्या दरबारांत होत राहिला, अन् शेतकऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

1851 मध्ये इंग्लंडनं त्या जुन्या लढायांमधल्या हयात सैनिकांना चांदीचं पदक दिलं. त्याच्या पट्ट्यांवर अरगाव आणि गाविलगड ही नावं कोरलेली होती. तिकडं आपली गावं चांदीवर आहेत. इकडं आपण अडगाववरून गाडी सुसाट नेतो, काच खाली करायचीही तसदी घेत नाही.

म्हणून एक सांगतो. जायचं तर डिसेंबरात जा. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर दिसतो, पण धुक्यात समोरचं काही दिसत नाही. डिसेंबरात हवा स्वच्छ, आणि दिवसही तेच. पाणी सोबत घ्या, प्लास्टिक परत आणा, दगडावर नाव कोरू नका. गाविलगडला गेलात की फोटो झाल्यावर उत्तरेच्या पट्टीकडं तोंड करून पाच मिनिटं उभे राहा. तोफा कोणत्या बाजूनं आल्या, ते कोणी न सांगता कळेल.

तुमच्या गावाजवळ अशी एखादी न वाचलेली जागा असेल तर नक्की कळवा. येतो मंग, भेटू पुढच्या भागात!