वीस-वीस मिनिटांचे चार रविवार

संशोधनासाठी प्रश्न कुठून काढायचा, असं बरेच जण विचारतात. कधीकधी तो एखाद्या घरगुती सल्ल्यात दडलेला असतो.

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता घड्याळ एकदम दोनवर नेतात. तरुण माणूस दोन-तीन दिवस जांभया देतो आणि विसरतो. वय झालं की झोप मुळात लवकर लागते, पहाटे मोडते, आणि नव्या वेळेशी जुळवून घ्यायला जास्त दिवस लागतात. त्यात ठरलेल्या वेळेच्या गोळ्या. म्हणून वृद्धांना सांगतात, की आधीचे चार-पाच दिवस झोपणं, उठणं, जेवण रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा, आणि सकाळी थोडा वेळ उजेडात बसा.

आता हाच सल्ला हातात धरून १९०७ सालात जाऊ. विल्यम विलेट हा इंग्लंडमधला घरं बांधणारा व्यावसायिक. सकाळी घोड्यावरून फेरी मारताना त्याला दिसायचं, की लख्ख उजाडलंय आणि लोकांच्या खिडक्या बंद! त्याने ‘द वेस्ट ऑफ डेलाइट’ नावाची पुस्तिका काढली. या माणसाला आपण ‘उन्हाळी वेळेचा प्रचारक’ म्हणून मोकळे होतो, पण त्याची मूळ योजना नीट वाचा. एप्रिलच्या चार रविवारी घड्याळ वीस-वीस मिनिटं पुढे न्यायचं आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तसंच मागे आणायचं. एकूण ८० मिनिटं, पण हप्त्याहप्त्याने.

१९०८ मध्ये विधेयक संसदेत आलं, पण कायदा झाला नाही. वर्षातून आठ वेळा घड्याळं हलवायची म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकांची काय दशा होईल, विचार करा. हप्ते गळले. १९१५ मध्ये विलेट वारला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात इंधन वाचवायला जर्मनीने ३० एप्रिलला आणि ब्रिटनने २१ मेला घड्याळ एकदम तासभर पुढे नेलं.

माझा मुद्दा इथे आहे. हळूहळू बदलण्याचं काम विलेटच्या योजनेत सार्वजनिक घड्याळाकडे होतं. कायद्यात ते राहिलं नाही आणि घराघरांवर येऊन पडलं. आज आईचं जेवण पंधरा मिनिटं अलीकडे आणणारी सून किंवा वृद्धाश्रमातली परिचारिका तेच करते. ऑक्टोबरात तर तास ‘परत मिळतो’ म्हणतात, पण संध्याकाळ अचानक लवकर अंधारते, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची सायंकाळची घालमेल वाढू शकते. तो तास घरच्यांना कुठला परत मिळायला!

आपल्याकडे ऋतूनुसार घड्याळ हलत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं तासभर पुढे होती. मुंबईला तर आधीपासूनच दोन वेळांची सवय. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ शहरात पुढे कित्येक वर्षं टिकला. त्या काळच्या रोजनिश्या किंवा पत्रं कुणाच्या घरी असतील, तर नोंदीत वेळ कुठली लिहिलीय ते आधी बघा.